मूळ नोंद, नक्कल आणि रुजुवात : जमाबंदीच्या आलेखांपासून स्लाईडवरील जोड-आलेखांपर्यंत

सारांश

प्रस्तुत शोधनिबंधात मूळ आकडेवारी आणि तिच्यावरून तयार होणारा आलेख यांच्यातील संबंधाचा ऐतिहासिक मागोवा घेण्यात आला आहे. स्प्रेडशीटशी जोडलेले आलेख स्लाईडवर दाखविताना दोहोंमध्ये मेळ राखणे हा आज महाविद्यालयांपुढील नित्याचा प्रश्न आहे. तो सामान्यतः संगणकीय कौशल्याचा प्रश्न मानला जातो. मराठा दप्तरातील तेरीज, मुंबई इलाख्यातील जमाबंदीचे आलेख आणि गावपातळीवरील फेरफार नोंदवही यांचा अभ्यास केला असता या प्रश्नाची मुळे बरीच जुनी असल्याचे दिसून येते. आकडे एका कागदावरून दुसऱ्यावर नेण्याचे काम संगणकाने स्वतःकडे घेतले. रुजुवातीचे काम मात्र माणसाकडेच राहिले, हा या निबंधाचा मध्यवर्ती विचार आहे.

बीजसंज्ञा : तेरीज, रुजुवात, जमाबंदी, फेरफार, आलेख, स्प्रेडशीट, जोड-आलेख, सादरीकरण.

१. प्रास्ताविक

कोणताही आलेख ही एक नक्कल असते. त्यातील स्तंभाची उंची किंवा वर्तुळाचा भाग हा दुसरीकडे नोंदविलेल्या आकड्याचे रूप असतो. वाचकासमोर आलेख येतो; मूळ नोंद त्याच्या दृष्टीआड राहते. म्हणूनच आलेखाची विश्वसनीयता त्याच्या रेखीवपणावर ठरत नाही. मूळ नोंद बदलली तर आलेख बदलला काय, आणि तो बदल कोणी पडताळला, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ती ठरते.

गडहिंग्लजसारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांत गडहिंग्लज, आजरा व चंदगड या तालुक्यांतून विद्यार्थी येतात. प्रवेश, निकाल, शिष्यवृत्ती, ग्रंथालय यांची आकडेवारी स्प्रेडशीटमध्ये साठविली जाते आणि मूल्यांकन समितीपुढे ती स्लाईडवरील आलेखांतून मांडली जाते. एकाच सादरीकरणातील दोन स्लाईडवर एकाच वर्षाची विद्यार्थीसंख्या वेगळी दिसली, तर समितीच्या मनात निर्माण होणारी शंका त्या दोन स्लाईडपुरती राहत नाही. सगळ्याच आकडेवारीवर तिची छाया पडते. या प्रश्नाकडे इतिहासाच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात करण्यात आला आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती

१) मूळ नोंद व गोषवारा यांचा मेळ राखण्याच्या महाराष्ट्रातील पूर्वपरंपरेचा आढावा घेणे.
२) मुंबई इलाख्याच्या जमाबंदीत आलेखांना मिळालेले स्थान व त्यांच्या मर्यादा तपासणे.
३) स्प्रेडशीट व स्लाईड यांच्या जोडणीचा विकास आणि तीतून उद्भवणारे दोष स्पष्ट करणे.
४) महाविद्यालयीन सादरीकरणासाठी फेरफार नोंदवहीच्या धर्तीवर कार्यपद्धती सुचविणे.

निबंधाची पद्धती ऐतिहासिक व विश्लेषणात्मक आहे. कालमर्यादा पेशवेकाळापासून वर्तमानापर्यंतची असून भौगोलिक भर मुंबई इलाखा व कोल्हापूर जिल्हा यांवर आहे.

३. मराठा दप्तरातील तेरीज व रुजुवात

पेशवेकालीन हिशेबव्यवस्थेचा पाया गावचा कुलकर्णी होता. गावातील कुळांच्या जमिनी, आकार, वसुली व बाकी यांच्या नोंदी तो ठेवीत असे. त्यांवरून परगण्याचे आणि पुढे हुजूर दप्तराचे हिशेब तयार होत. पुण्याच्या हुजूर दप्तरात चालते दप्तर व एल बेरीज दप्तर हे दोन महत्त्वाचे विभाग होते. एल बेरीज दप्तरात निरनिराळ्या खात्यांकडून आलेल्या हिशेबांचे वर्गीकरण होऊन जमा, खर्च व शिल्लक यांचे गोषवारे सिद्ध होत. तपशिलाच्या कागदावरून काढलेल्या गोषवाऱ्याला तेरीज म्हणत, तर वर्षाचा जमाखर्च जुळवून मांडलेल्या हिशेबाला ताळेबंद.

या व्यवस्थेतील सर्वांत अर्थपूर्ण शब्द रुजुवात हा होय. नक्कल मुळाशी ताडून पाहणे, दोन कागद समोरासमोर ठेवून जुळविणे, असा त्याचा अर्थ आहे. मोडी कागदांच्या अखेरीस आढळणारा ‘रुजू’ हा शेरा त्याच प्रक्रियेची खूण आहे. नक्कल करणे हे एक काम आणि तिची रुजुवात करणे हे दुसरे, असा भेद या दप्तरपद्धतीत होता. शेरा पडेपर्यंत नक्कल ही केवळ नक्कल असे. शेरा पडल्यावर तिला प्रमाण मानता येई.

अर्थात ही व्यवस्था सांभाळणाऱ्यांवर अवलंबून होती. नाना फडणविसांच्या काळात हुजूर दप्तर काटेकोरपणे राखले गेले, तर दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्याची आबाळ झाली. पद्धती तीच असताना दक्षता सुटल्यामुळे कागदांचे मोल उणावले, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

४. मुंबई इलाख्याची पाहणी आणि १८४७ चे आलेख

१८१८ नंतर दख्खनचा प्रदेश कंपनी सरकारकडे आला आणि जमीनमहसुलाचा आकार ठरविण्याचा प्रश्न उभा राहिला. १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉबर्ट कीथ प्रिंगल याने पाहणीचे काम हाती घेतले. लागवडीचा खर्च वजा जाता उरणाऱ्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सरकारचा हिस्सा, असे त्याचे तत्त्व होते. तत्त्व तर्कशुद्ध असले तरी निव्वळ उत्पन्न काढण्यासाठी लागणारे आकडे खालच्या नोकरवर्गाने गोळा केलेले, पुष्कळदा चुकीचे व काही ठिकाणी बनावट होते. परिणामी आकार जड झाला, बाकी थकली आणि जमिनी ओस पडू लागल्या. चुकीच्या मूळ नोंदींवर उभारलेला नेटका हिशेब शेतकऱ्याला केवढ्यास पडतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

१८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नव्या पद्धतीने काम सुरू केले. निव्वळ उत्पन्नाच्या सैद्धांतिक हिशेबाऐवजी जमिनीची प्रतवारी आणि तालुक्याचा मागील महसुली इतिहास यांवर त्यांनी भर दिला. ठरलेला आकार ३० वर्षे कायम राखण्याची हमी देण्यात आली. या पद्धतीला निश्चित रूप गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालात मिळाले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या अहवालातील एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. मागील वर्षांची आकारणी, वसुली व बाकी यांचे आकडे तक्त्यांत मांडावेत आणि त्यांसोबत वर्षावर्षाचे चढउतार शेजारीशेजारी स्तंभांत, रेषीय प्रमाणाने दाखविणारे आलेख द्यावेत, असे त्यात सुचविले होते. विल्यम प्लेफेअर याने इंग्लंडमध्ये व्यापाराच्या आकडेवारीचे आलेख १७८६ मध्ये प्रसिद्ध केले होते. त्यानंतर सुमारे ६० वर्षांत हे साधन मुंबई इलाख्याच्या महसूल कारभारात रीतसर दाखल झालेले दिसते. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई पद्धतीची पाहणी कोल्हापूर संस्थानातही झाली. गडहिंग्लज हा त्या संस्थानाचाच भाग होता.

या आलेखामागील साखळी ध्यानात घेण्याजोगी आहे. कुळाचे खाते, गावचा हिशेब, तालुक्याचा गोषवारा, अहवालातील तक्ता आणि अखेरीस आलेख, असा आकड्याचा प्रवास होई. प्रत्येक टप्प्यावर हाताने नक्कल होई आणि प्रत्येक टप्प्यावर चूक शिरण्यास वाव असे. निर्णय घेणारा अधिकारी साखळीच्या शेवटच्या टोकाशी उभा असे, तर त्या निर्णयाचा भार पहिल्या टोकाशी असलेल्या कुळावर ३० वर्षे राहणार असे. मेळ राखण्याचा प्रश्न म्हणूनच कारकुनी टापटिपीपुरता मर्यादित नव्हता.

५. मेळ असूनही सदोष : इंदापूर व बारडोली

आलेख तक्त्याशी तंतोतंत जुळला तरी निष्कर्ष चुकू शकतो. याची दोन उदाहरणे मुंबई इलाख्याच्या इतिहासात आढळतात.

पहिले उदाहरण इंदापूरचेच आहे. ३० वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ च्या सुमारास तेथे फेरपाहणी झाली व आकार बराच वाढविण्यात आला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे कापसाचे आणि त्यामागोमाग इतर शेतमालाचेही भाव चढलेले होते. त्या चढत्या भावांच्या छायेत वाढलेला आकार भाव उतरल्यावर जाचक ठरू लागला. १८७४ मध्ये सरकारला वाढीवर मर्यादा घालावी लागली : तालुक्यावर ३३ टक्के, एका गावावर ६६ टक्के आणि एका खात्यावर १०० टक्के. पुढील वर्षी, मे १८७५ मध्ये, सुपे येथून दख्खनच्या दंग्यांना आरंभ झाला. दंग्यांच्या कारणांत सावकारी कर्ज व महसूल यांचा वाटा किती, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. तथापि कोणती वर्षे हिशेबात धरावीत, हा प्रश्न आकडे अचूक असण्याइतकाच महत्त्वाचा आहे, हे या प्रकरणातून स्पष्ट होते. आजच्या परिभाषेत यास आलेखाच्या कक्षेचा प्रश्न म्हणता येईल.

दुसरे उदाहरण गुजरातेतील बारडोली तालुक्याचे असून तो तालुकाही त्या काळी मुंबई इलाख्यातच होता. १९२५ च्या फेरपाहणीत अधिकाऱ्याने ३० टक्के वाढ सुचविली आणि सरकारने ती सुमारे २२ टक्के निश्चित केली. १९२८ च्या सत्याग्रहानंतर ब्रूमफील्ड व मॅक्सवेल यांची चौकशी नेमण्यात आली. त्यांनी गावोगावी जाऊन नोंदी तपासल्या, तेव्हा खंडाने दिलेल्या जमिनींच्या ज्या आकडेवारीवर वाढ आधारलेली होती, तिची जागेवर पुरेशी पडताळणीच झालेली नव्हती, असे दिसून आले. चौकशीअंती वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. अहवालातील तक्ते परस्परांशी जुळत होते. जमिनीवरच्या वस्तुस्थितीशी ते जुळत नव्हते. रुजुवात जर केवळ तक्ता आणि तक्ता यांच्यात झाली आणि मूळ कागदापर्यंत पोहोचली नाही, तर एकच चूक सर्वत्र सारखी दिसते. चुकीचा असा सारखेपणा विसंगतीपेक्षाही घातक असतो, कारण त्यामुळे शंका उत्पन्न होत नाही.

६. फेरफार नोंदवही : बदलाची शिस्त

मूळ नोंद स्थिर नसते. जमीन विकली जाते, वारस लागतात, वाटण्या होतात. हा बदल नोंदींमध्ये कसा उतरवावा, याची एक पक्की रीत महाराष्ट्राच्या महसूल व्यवस्थेत घडली. १९०३ च्या मुंबईच्या कायद्याने अधिकार अभिलेखाची पद्धती सुरू झाली. पुढे गाव नमुन्यांची जी रचना रूढ झाली, तीत नमुना ७ हा अधिकार अभिलेख, नमुना १२ ही पिकांची नोंद, नमुना ८अ हे खाते आणि नमुना ६ ही फेरफार नोंदवही होय.

या रचनेचे वैशिष्ट्य असे की, बदल थेट सातबाऱ्यावर चढत नाही. तो प्रथम फेरफार नोंदवहीत क्रमांकासह येतो. संबंधितांना नोटीस दिली जाते, हरकतीस मुदत मिळते आणि अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच तिचा अंमल सातबारा व खात्यास दिला जातो. सातबाऱ्यावर फेरफाराचा क्रमांक राहतो. त्यामुळे आजचा उतारा आणि दहा वर्षांपूर्वीचा उतारा वेगळा असला, तरी तो का वेगळा आहे हे शोधता येते. उताऱ्यावर दिनांक असतो. त्या दिनांकास नोंद कशी होती, याचा तो पुरावा ठरतो.

संगणकीकरणानंतर हीच शिस्त पुन्हा कसास लागली. हस्तलिखित सातबारा व संगणकीकृत सातबारा यांत अनेक ठिकाणी तफावत आढळू लागली. ती दूर करण्यासाठी २०१७ मध्ये राज्यात चावडी वाचनाची मोहीम घेण्यात आली. गावकऱ्यांसमोर सातबारे वाचून दाखवायचे आणि ज्याच्या नोंदीत चूक असेल त्याने ती सांगायची, असे तिचे स्वरूप होते. नक्कल यंत्राने केली तरी तिची रुजुवात चावडीवर, माणसांसमोर करावी लागली, ही घटना या निबंधाच्या प्रतिपादनास पुष्टी देणारी आहे.

७. व्याख्या बदलते तेव्हा : कोल्हापूर व चंदगड

आकड्यांप्रमाणेच ज्या घटकाचे आकडे मोजले जातात, तो घटकही बदलू शकतो. गडहिंग्लज परिसर याचे उत्तम उदाहरण आहे. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले व कोल्हापूर जिल्हा अस्तित्वात आला. पूर्वी इचलकरंजी जहागिरीत असलेले आजरे या जिल्ह्यात आले. चंदगड मात्र त्या वेळी बेळगाव जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्यास जोडले गेले.

परिणामी १९५१ च्या जनगणनेतील कोल्हापूर जिल्हा आणि १९६१ च्या जनगणनेतील कोल्हापूर जिल्हा हे दोन भिन्न भूभाग आहेत. १९५१ च्या मूळ अहवालातील संख्या व १९६१ ची संख्या शेजारीशेजारी स्तंभांत ठेवल्या, तर चंदगडची सगळी लोकसंख्या जिल्ह्याच्या वाढीत गणली जाईल. दोन्ही आकडे अधिकृत असूनही आलेख दिशाभूल करील. जनगणना विभाग हा दोष टाळण्यासाठी मागील लोकसंख्या नव्या सीमेप्रमाणे जुळवून देतो. आलेख काढणाऱ्याने कोणती संख्या घेतली, हे आलेखाखाली लिहिणे म्हणूनच अगत्याचे ठरते. महाविद्यालयात एखादी नवी तुकडी किंवा अभ्यासक्रम सुरू झाला, तर ‘एकूण विद्यार्थी’ या शीर्षकाखालीही नेमके हेच घडते.

८. स्प्रेडशीट, स्लाईड आणि त्यांची जोडणी

संगणकावरील स्प्रेडशीटचा आरंभ १९७९ च्या व्हिजिकॅल्क या आज्ञावलीपासून मानला जातो. डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनी ती तयार केली. एक आकडा बदलताच त्यावर अवलंबून असणारे सर्व आकडे आपोआप बदलतात, हे तिचे क्रांतिकारक वैशिष्ट्य होते. १९८३ च्या लोटस १-२-३ मध्ये गणितासोबत आलेखाचीही सोय होती. एक्सेल १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर आले. १९८७ मध्येच फोरथॉट या कंपनीने पॉवरपॉइंट बाजारात आणले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १ कोटी ४० लाख डॉलरला ती कंपनी विकत घेतली.

दोन आज्ञावलींमध्ये आकड्यांची देवाणघेवाण करण्याची सोय १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात विंडोजवर आली. १९९० च्या दशकाच्या आरंभी तिला अधिक व्यापक रूप मिळाले. तेव्हापासून स्प्रेडशीटमधील आलेख स्लाईडवर नेण्याचे तीन मार्ग उपलब्ध आहेत.

पहिला मार्ग चित्राचा. आलेख चित्र म्हणून चिकटविला की तो त्या क्षणी गोठतो. दुसरा मार्ग अंतर्भूत करण्याचा. यात आलेखासोबत संपूर्ण वर्कबुकची प्रत सादरीकरणाच्या फाईलमध्ये जाऊन बसते आणि मूळ फाईलशी तिचा संबंध संपतो. तिसरा मार्ग जोडणीचा. यात आकडे मूळ फाईलमध्येच राहतात आणि स्लाईडवरील आलेख त्या फाईलचा पत्ता जपून ठेवतो.

जोडणी हा सर्वांत सोयीचा मार्ग असला तरी त्याची एक मर्यादा सहज ध्यानात येत नाही. मूळ फाईल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलविली, तिचे नाव बदलले किंवा सादरीकरण पेन ड्राईव्हवर दुसऱ्या संगणकावर नेले, की पत्ता चुकतो. तरीही आलेख नाहीसा होत नाही. तो अखेरचे ज्ञात आकडे दाखवीत राहतो. शिळा आलेख आणि ताजा आलेख पडद्यावर अगदी सारखेच दिसतात. जुन्या दप्तरात ‘रुजू’ हा शेरा नसलेला कागद निदान ओळखता तरी येई. स्लाईडवर तशी खूण नसते.

याखेरीज आणखी तीन दोष वारंवार आढळतात. पहिला कक्षेचा : आलेख ठरावीक ओळींशी बांधलेला असेल, तर तक्त्याखाली जोडलेले नवे वर्ष आलेखात येत नाही. ओळींना रीतसर टेबलाचे रूप दिल्यास कक्षा आपोआप वाढते. दुसरा मापाचा : आकडे बदलले की उभ्या अक्षाचे माप आज्ञावली स्वतः ठरविते. त्यामुळे दोन स्लाईडवरील समान उंचीचे स्तंभ वेगवेगळ्या संख्या दर्शवितात. १८४७ च्या अहवालातील रेषीय प्रमाणाचा आग्रह येथे आठवावा. किमान व कमाल माप हाताने कायम केल्यास आणि कला, वाणिज्य व विज्ञान या शाखांसाठी सर्व स्लाईडवर तेच रंग राखल्यास हा दोष टळतो. तिसरा लिपीचा : युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये लिहिलेली शीर्षके तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरांत उमटतात. जुन्या फाईलींतील अशी शीर्षके युनिकोडमध्ये बदलून घेणे आवश्यक आहे.

९. संगणकयुगातील दोन धडे

इंदापूर व बारडोली येथील प्रकारांची आधुनिक रूपे अलीकडच्या काळातही दिसतात. २०१० मध्ये अर्थतज्ज्ञ कारमेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ यांनी सार्वजनिक कर्ज व आर्थिक वाढ यांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. अनेक देशांतील काटकसरीच्या धोरणांच्या समर्थनार्थ त्याचा दाखला दिला गेला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ स्प्रेडशीट मागवून तपासली, तेव्हा सरासरीच्या सूत्राची कक्षा अपुरी असल्याने पाच देश वगळले गेल्याचे आढळले. काही वर्षांची आकडेवारी वगळणे आणि भार देण्याची पद्धत यांवरही हर्नडन व त्याच्या दोन अध्यापकांनी आक्षेप घेतले. सर्व दुरुस्त्यांनंतर जास्त कर्ज असलेल्या देशांचा सरासरी वाढीचा दर उणे ०.१ ऐवजी २.२ टक्के निघाला. तीन वर्षे जगभर चर्चा झालेल्या निष्कर्षाची रुजुवात एका विद्यार्थ्याने केली, ही बाब अध्यापकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे.

दुसरा धडा गोपनीयतेचा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाने माहिती अधिकारातील एका अर्जाला उत्तर म्हणून दिलेल्या स्प्रेडशीटमध्ये एक लपलेले पान राहून गेले आणि सुमारे ९,५०० अधिकारी व कर्मचाऱ्यांची माहिती उघड झाली. आलेख अंतर्भूत करण्याच्या मार्गातही हाच धोका आहे. स्लाईडवर केवळ चार स्तंभ दिसत असले, तरी त्यामागील वर्कबुकमध्ये विद्यार्थ्यांची नावे, जात-प्रवर्ग, गुण व दूरध्वनी क्रमांक असू शकतात. सादरीकरणाची फाईल ज्याच्या हाती जाईल, त्याच्या हाती ही सर्व माहिती जाते.

१०. महाविद्यालयीन सादरीकरण : विवेचन

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद अर्थात नॅक १९९४ मध्ये बंगळूर येथे स्थापन झाली. २०१७ मध्ये तिने स्वीकारलेल्या सुधारित आराखड्यात संख्यात्मक निकषांवर व आकडेवारीच्या पडताळणीवर मोठा भर देण्यात आला. उच्च शिक्षणाचे अखिल भारतीय सर्वेक्षण २०१०-११ पासून सुरू झाले. याशिवाय विद्यापीठ व समाजकल्याण विभागाकडेही महाविद्यालयास आकडेवारी द्यावी लागते.

या सर्वांकडे जाणारी विद्यार्थीसंख्या एकच असेल, असे मात्र नाही. सर्वेक्षणाच्या प्रारंभीच्या वर्षांत ३० सप्टेंबर ही संदर्भ तारीख होती. विद्यापीठाकडे परीक्षा अर्ज भरणाऱ्यांची संख्या जाते, तर शिष्यवृत्तीसाठी अर्जदारांची. समजा, ऑगस्टमध्ये ६२० प्रवेश झाले, ३० सप्टेंबरला ६०८ विद्यार्थी पटावर होते आणि ५९१ जणांनी परीक्षा अर्ज भरले. हे तिन्ही आकडे खरे आहेत. त्यांना ‘विद्यार्थीसंख्या’ असे एकच नाव देऊन तीन स्लाईडवर मांडले, तर खरे आकडेही खोटे वाटू लागतात. विसंगतीचे मूळ येथे आकड्यांत नसून दिनांकाच्या अभावात आहे.

दुसरा मुद्दा गोठविण्याचा. आलेख सदैव जोडलेला राहावा, असे सर्वसाधारण मत असते. इतिहासाच्या दृष्टीने ते अपुरे आहे. सादरीकरण झाल्यानंतर ते स्वतःच एक दस्तऐवज बनते. जोडणी कायम राहिली आणि दोन वर्षांनी फाईल उघडताना आकडे अद्ययावत झाले, तर समितीपुढे त्या दिवशी नेमके काय मांडले होते, याचा पुरावा नष्ट होतो. सातबाऱ्याचा उतारा दिनांकासह दिला जातो, त्यामागील तत्त्व हेच आहे. तयारीच्या काळात जोडणी असावी. सादरीकरणाच्या आधी रुजुवात करून ती तोडावी आणि दिनांकित प्रत जतन करावी.

११. निष्कर्ष व सूचना

प्रस्तुत अभ्यासातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) मूळ नोंद व तिचा गोषवारा यांचा मेळ राखण्याची गरज महाराष्ट्राच्या दप्तरव्यवस्थेने ओळखली होती. रुजुवात हे नक्कल करण्याहून वेगळे काम मानले गेले होते.
२) १८४७ च्या संयुक्त अहवालाने आलेखास महसूल कारभारात स्थान दिले. तथापि आलेखाची अचूकता मूळ नोंदींच्या व वर्षांच्या निवडीच्या अचूकतेपलीकडे जाऊ शकली नाही.
३) स्प्रेडशीटच्या जोडणीने नक्कल करण्यातील हातचूक कमी केली. पण मूळ चूक आता अधिक वेगाने व सर्वत्र सारखी पसरते, आणि तुटलेली जोडणी दिसून येत नाही.

या निष्कर्षांवरून महाविद्यालयांसाठी पुढील सूचना करता येतात.

१) प्रत्येक विषयाची एकच मूळ फाईल असावी, तिची जबाबदारी एका व्यक्तीकडे असावी आणि सादरीकरण व मूळ फाईल एकाच फोल्डरमध्ये ठेवावी.
२) मूळ फाईलमध्ये फेरफाराचे स्वतंत्र पान असावे. त्यात दिनांक, जुना आकडा, नवा आकडा, कारण, आधाराचा कागद, नोंद करणारा व प्रमाणित करणारा असे रकाने असावेत. नोंद करणारा व प्रमाणित करणारा या दोन भिन्न व्यक्ती असाव्यात.
३) आलेखासाठी केवळ बेरजांचे वेगळे पान वापरावे. आलेख अंतर्भूत करायचा झाल्यास त्या बेरजांची वेगळी फाईल करावी, म्हणजे वैयक्तिक माहिती सादरीकरणात जाणार नाही.
४) प्रत्येक आलेखाखाली मूळ तक्त्याचे नाव व संदर्भ दिनांक लिहावा. घटकाची व्याख्या बदलली असल्यास तसे नमूद करावे.
५) सादरीकरणापूर्वी एक दिवस रुजुवातीसाठी राखून ठेवावा. एकाने मूळ नोंदवहीतून आकडे वाचावेत आणि दुसऱ्याने ते स्लाईडवर पडताळावेत. त्यानंतरच जोडणी तोडून प्रत कायम करावी.

यांपैकी कोणत्याही सूचनेसाठी महागड्या आज्ञावलीची गरज नाही. आवश्यक ते शब्द आणि रीती या प्रदेशाच्या दप्तरात पूर्वीपासून आहेत. जमाबंदीच्या आलेखावरून एका कुळाचा ३० वर्षांचा आकार ठरत असे. महाविद्यालयाच्या आलेखावरून त्याची श्रेणी, अनुदान आणि पर्यायाने ग्रामीण विद्यार्थ्यांच्या संधी ठरतात. दोन्ही ठिकाणी आकड्याच्या पहिल्या टोकाशी असलेला माणूस सभागृहात उपस्थित नसतो. त्याच्या वतीने मूळ कागदापर्यंत जाऊन पडताळणी करणे, हीच रुजुवातीची खरी प्रेरणा होय.